परतणाऱ्या रेषेला जागा हवी

बारामती-इंदापूर भागातील ज्या पिढीने बालभारतीची जुनी इंग्रजी पाठ्यपुस्तके हाताळली, तिला मारिओ मिरांडा हे नाव कदाचित आठवणार नाही; त्यांची रेषा मात्र ती ओळखील. टपोऱ्या डोळ्यांची, गर्दी करून उभी असलेली ती माणसे कोठेतरी पाहिल्यासारखी वाटतात. या रेषेने परदेशाची वाट धरली होती आणि ती स्वेच्छेने परतली, हा इतिहास आज मुद्दाम आठवावा असा आहे.

मिरांडा यांचा जन्म १९२६ साली दमणमध्ये झाला. घर गोव्यातील लोटलीचे. भिंती रंगविणाऱ्या या मुलाला आईने रागे न भरता कोरी वही दिली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. पदवी घेतली ती मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून, इतिहास विषयात. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांची व्यंगचित्रे गाजू लागली असतानाच १९५९ मध्ये गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते लिस्बनला गेले. वर्षभराने लंडन गाठून तेथे त्यांनी सुमारे पाच वर्षे वृत्तपत्रांसाठी आणि दूरचित्रवाणीवरील चलच्चित्रांसाठी काम केले. ते दूर असतानाच, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला.

लंडनमध्ये जम बसत असताना मुंबईला परतणे अनेकांना अव्यवहारी वाटले असते. परंतु व्यंगचित्रकाराचे भांडवल केवळ हातात नसते. ते भोवतालच्या माणसांत असते. कचेरीतले गोडबोले, मंत्री बंडलदास, मिस निंबूपानी ही पात्रे थेम्सच्या काठी सुचली असती, असे म्हणवत नाही. परदेशाने हात सफाईदार केला असेल, पण हाताला विषय दिला तो स्वदेशाने. पुढे पद्मश्री, पद्मभूषण आणि २०११ मधील निधनानंतर पद्मविभूषण असे सन्मान त्यांच्या वाट्याला आले.

तथापि या कथेतील एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. मिरांडा परतू शकले, कारण त्यांची जागा शिल्लक होती. ‘टाइम्स’ समूहाने त्यांना पुन्हा सामावून घेतले. ते अंगण आज पूर्वीसारखे उरलेले नाही. वेताळाच्या कथा मराठीत घरोघर पोहोचविणारी, १९६४ साली सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९० मध्ये थांबली. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ १९९३ मध्ये बंद पडले. चित्रकाराच्या परतीच्या वाटेवरील दिवे असे एकेक करून मालवले.

म्हणूनच हा प्रश्न तालुक्याच्या गावालाही लागू होतो. एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा देणारी मुले येथेही आहेत. त्यांतील एखाद्याची रेषा खरोखर बोलकी निघाली, तर तो पुण्या-मुंबईस जाईल, कदाचित त्याही पलीकडे. त्याने जाऊ नये असे कोणी म्हणू नये. जग पाहिल्याखेरीज दृष्टी विस्तारत नाही. खंत वाटावी ती त्याच्या जाण्याची नव्हे. परतण्यास ठिकाण नसेल, तर त्याची.

बारामतीला याचे धडे बाहेरून घेण्याचे कारण नाही. पन्हाळगडावर जन्मलेले मोरोपंत येथे बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहिले आणि येथेच त्यांची काव्यसंपदा बहरली. आता नाईकांचा वाडा आश्रय देणार नाही. ते काम शाळा, महाविद्यालये व वाचनालये यांनी करावयाचे आहे. चित्रकलेचा तास गणिताला देऊन न टाकणे, महाविद्यालयीन वार्षिकांकात चित्रकथेला चार पाने राखणे, स्थानिक दिवाळी अंकाने चित्रकाराला लेखकाप्रमाणेच मानधन देणे, यांपैकी एकही गोष्ट अशक्य कोटीतील नाही.

लोटलीच्या मातेने एक कोरी वही दिली, एवढ्यावर एक कलावंत उभा राहिला. तशा वह्या देण्याइतके औदार्य तरी आपल्या शाळांपाशी असावे.