मौन म्हणजे संमती नव्हे!

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वडगाव रासाई नावाचे गाव आहे. नदीपलीकडे दौंड तालुका. उसाच्या हंगामात या भागात गेलात, तर एक देखावा हमखास दृष्टीस पडेल. अरुंद बांधावरून ट्रॅक्टरवाला भरलेली ट्रॉली मागे घेत असतो. त्याला मागचे काहीच दिसत नाही. ट्रॉलीमागे उभा असलेला एक गडी हात हलवीत ओरडत असतो, ‘‘येऊ द्या... येऊ द्या... बास!’’ त्या ‘बास’ला ब्रेक लागतो आणि ट्रॉलीचे चाक पाटाच्या अलीकडे चार बोटांवर थांबते.

समजा, त्या गड्याला ठेच लागली आणि त्याचा आवाज मध्येच बंद पडला. कच्चा ट्रॅक्टरवाला म्हणेल, ‘ओरडत नाही, म्हणजे सगळे ठीक असेल!’ मुरलेला मात्र जागच्या जागी थांबेल आणि मान वळवून विचारील, ‘‘काय झालं रे?’’

या दोघांतला फरक तो विमानविद्येतला एक फार मोठा धडा आहे, असे म्हटले तर वाचकांना कदाचित नवल वाटेल. पण ते खरे आहे.

विमानाची चाके इंजिनाने फिरत नाहीत. इंजिन हवा मागे फेकते आणि विमान पुढे सरकते. म्हणून इमारतीकडे नाक करून उभे असलेले प्रवासी विमान मागे घ्यायचे, तर त्याला ट्रॅक्टरच लागतो! हा बुटका, वजनदार ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो. या कामाला ‘पुश-बॅक’ म्हणतात. वैमानिक बसतो उंचावर. त्याला स्वतःच्या नाकाखालची जमीन दिसत नाही, की पंखाखालची इंजिने नीट दिसत नाहीत. त्याचे डोळे म्हणजे खाली उभा असलेला माणूस. त्याच्या कानांवर हेडसेट असतो आणि त्याची तार विमानाच्या पुढच्या चाकाजवळ जोडलेली असते.

‘ब्रेक सोडा’, ‘ब्रेक लावा’, ‘इंजिन सुरू करायला हरकत नाही’ असे त्यांचे मोजके बोलणे होते. मग ट्रॅक्टर सुटतो, तार निघते आणि संभाषण संपते. यापुढे भाषा फक्त हातांची. जमिनीवरचा माणूस विमानापासून दूर जाऊन वैमानिकाला दिसेल असा उभा राहतो. पुढच्या चाकाच्या सुकाणूत घातलेली, लाल फीत बांधलेली खीळ काढल्याचे तो हात उंचावून दाखवतो आणि अंगठा वर करतो. ही खूण पाहिल्यावाचून वैमानिकाने विमान हलवायचे नाही. दोन हात डोक्यावर फुलीसारखे धरले, की थांबा!

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण जेट इंजिन मंद चालू असतानाही पुढे चार-पाच मीटरांच्या आत आलेले माणूस ओढून घेऊ शकते. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबईच्या विमानतळावर नेमके हेच घडले. एअर इंडियाचे हैदराबादला निघालेले एअरबस विमान पुश-बॅक होऊन उभे होते. खालची माणसे पुरती बाजूला झाली, अशी खात्री होण्याआधीच ते चालू लागले. हेडसेट लावून उभा असलेला एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला आणि जागच्या जागी प्राणास मुकला. वादळ नव्हते, यंत्र बिघडले नव्हते. चुकली होती ती दोन माणसांमधली खूण.

जगातला सर्वांत भीषण विमान-अपघातही हवेत झालेला नाही. तो जमिनीवरच झाला. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर होती. एका विमानाने ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचे मोघम वाक्य उच्चारले. नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले. ‘थांबा, मी सांगेन’ हे त्याचे पुढचे शब्द दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळून गेले आणि कानी आली ती नुसती कर्कश शिट्टी. ५८३ माणसे मेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरायचा, असा दंडक पडला. नुसते ‘ओके’ चालत नाही. महत्त्वाची आज्ञा जशीच्या तशी उलट म्हणून दाखवावी लागते.

आपल्याकडचे उदाहरण हवे? २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, उडालेल्या बोइंगची धडक धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी लादलेल्या ट्रकला बसली. ५५ जण दगावले. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले, आणि रस्त्यावरची रहदारीही कोणी रोखली नव्हती, असे चौकशीत दिसून आले. १५ फेब्रुवारी २०२० रोजी तर पुण्याच्या लोहगाव धावपट्टीवर दिल्लीचे विमान भर वेगात असताना समोर जीप आणि माणूस दिसला! वैमानिकाने विमान वेळेआधीच उचलले. विमानाला थोडी इजा झाली, पण उतारू दिल्लीला सुखरूप पोहोचले. दैव बलवत्तर खरे. पण रोज दैवावर विसंबून कसे भागेल?

आपल्या संस्कृतीत मौनाला संमती मानतात. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींपुढे ते एक वेळ खपून जात असेल. विमानतळावर मात्र मौनाचा अर्थ एकच, ‘थांबा!’ माणूस दिसेनासा झाला, थांबा. शब्द अर्धवट ऐकू आला, पुन्हा विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, आणि तळपत्या उन्हात उभ्या असलेल्या साध्या कामगाराने अनुभवी कॅप्टनला ‘थांबा’ म्हणण्यात आगाऊपणाही नाही.

या दिवाळीत विमानाने माहेरी वा सहलीला निघालात, तर सुटण्यापूर्वी खिडकीतून जरा खाली पाहा. झगमगीत जाकीट घातलेला एक माणूस हात उंचावून उभा असलेला कदाचित दिसेल. मुलांना तो ‘टाटा’ करतोय असे वाटेल. वाटू द्या, त्यांनीही हात हलवावा. पण तुम्ही मात्र ओळखा, की तो वडगाव रासाईच्या बांधावरच्या गड्याचाच भाऊबंद आहे. त्याचा अंगठा वर झाला, की तुमचा प्रवास सुरू झाला.