खेळ हाच बालकांचा व्यवसाय

उन्हाळ्याची सुटी लागली की पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती शुद्धलेखनाची कोरी वही द्यावयाची आणि ‘रोज एक पान’ असे बजावून त्यांना घरी पाठवावयाचे, हा आमच्या शाळेचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. ज्याचे अक्षर वाईट, त्याला दोन पाने. गिरवूनच हात वळतो, अशी आमची श्रद्धा होती. ती सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे, हे आम्हांला एका सात वर्षांच्या मुलाने शिकविले. बेळगाव जिल्ह्यातील एका सरकारी मराठी शाळेत मुख्याध्यापकी करीत असता घडलेली ही हकीकत वाचकांपुढे ठेवण्यात आमचा मोठेपणा काहीच नाही. असलाच तर तो एक कबुलीजबाब आहे.

मुलगा बोलण्यात मोठा चतुर. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगे, पाढे तोंडपाठ. परंतु लिहावयास बसला की अक्षरे ओळ सोडून खाली घसरत, पेन्सिलीचे टोक मोडे, कागद फाटे. चार ओळी होतात न होतात तोच हा डोके बाकावर टेकून मोकळा. सदऱ्याची बटणे लावावयास त्याला थोरली बहीण लागे. आम्ही निदान केले : आळस! आणि उपाय योजला तो असा की, मधल्या सुटीत त्याला वर्गात बसवून लिहावयास लावले. ज्या खेळाची त्याला सर्वांत अधिक गरज होती, नेमका तोच आम्ही हिरावून घेत आहोत, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे रोज सकाळी त्याचे पोट दुखू लागले. एके दिवशी त्याची आई भेटावयास आली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “सर, पोराचं पोट दुखत नाही. त्याला वहीची भीती वाटते.”

त्या वाक्याने आम्ही वरमलो. शहरातील बालरोगतज्ज्ञांनी मुलाची दृष्टी आणि श्रवण तपासून घेतले व त्याला व्यवसायोपचार करणाऱ्या एका बाईंकडे पाठविले. सुटीतील सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, असा क्रम ठरला. एकदा आम्हीही बरोबर गेलो. खरे सांगावयाचे तर काहीशा संशयानेच. तेथे वही नव्हती, फळा नव्हता. एक झोका, दोरीची शिडी, वाळूचे घमेले, कपडे वाळविण्याचे चिमटे आणि चेंडू. आमचा विद्यार्थी झोक्यावर पालथा पडून जमिनीवरचे चिंचोके एकेक करून उचलीत होता व डब्यात टाकीत होता. “हा तर नुसता खेळ झाला!” आम्ही म्हणालो. बाई हसल्या. “होय सर. मुलांचा व्यवसाय दुसरा कोणता असतो?”

‘व्यवसाय’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सारी कामे. प्रौढाचे नोकरी-घरकाम, तसे बालकाचे जेवणे, कपडे घालणे, लिहिणे आणि मुख्यतः खेळणे. या शास्त्राची आपल्याकडील मुहूर्तमेढ रोविली ती कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या व लग्नाने निंबकर झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ साली या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. त्याच वर्षी निघालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे. खेळातून शिक्षण हा विचारही आपल्याला परका नाही. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. तेथे काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे तोच दिवा गरीब मुलांच्या अंगणात लावला.

आता त्या चिंचोक्यांचे मर्म. पेन्सिल बोटांत असली तरी लिहिणे सुरू होते ते पाठीच्या कण्यापासून आणि खांद्यापासून. धड स्थिर नसेल तर खांदा डगमगतो, खांदा डगमगला तर मनगट, आणि मग बोटांनी कितीही जोर केला तरी अक्षर घसरावयाचेच. झोक्यावर पालथे पडून मान वर धरली की पाठ बळकट होते. चिंचोका चिमटीत धरला की अंगठा व तर्जनी यांना वळण लागते. आणि हलत्या झोक्यावरून नेम साधताना डोळा व हात यांची जोडी जमते. शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय आतल्या कानात असते, आणि हातपाय कोठे आहेत हे न पाहता कळण्याची जाण स्नायू व सांध्यांत असते. या जाणिवांचा मेळ आणि मुलाचे शिकणे यांचा संबंध जीन एअर्स या अमेरिकन विदुषीने १९७२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडला. त्यांच्या उपचारपद्धतीच्या परिणामांविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. परंतु मुलाला जे काम साधावयाचे आहे त्याचा खेळातून, थोडे थोडे, रोज सराव द्यावा, याविषयी फारसा वाद नाही.

बाईंनी घरी करावयाच्या गोष्टींचा एक कागद लिहून दिला. तो वाचून आम्हांला आमच्या आजीचीच आठवण झाली. लंगडी, दोरीवरच्या उड्या, ठिकरी : तोलासाठी. सागरगोटे : नजर व हात यांच्या मेळासाठी. पाण्यात बुडविलेल्या ब्रशाने अंगणातील भिंत ‘रंगविणे’ : खांदा व मनगट यांसाठी. आणि उन्हाळी वाळवण! पापडाच्या लाट्या करणे, चिमटीने सांडगे घालणे, शेंगा सोलणे, रसासाठी आंबा पिळणे. यांत बोटांचा जेवढा व्यायाम आहे तेवढा दोन पानांच्या शुद्धलेखनात नाही. ज्या मुलांना चिकट पीठ हाताला लागलेले सोसत नाही, त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. प्रथम कोरडे पीठ, मग किंचित ओले, असे पायरीपायरीने जावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी मुळीच देऊ नयेत. ते घशात अडकतात.

जूनमध्ये मुलगा परत आला. त्याचे अक्षर मोत्यासारखे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. ते आजही वाकडेच आहे. पण अर्धे पान तो न थांबता लिहू लागला आणि पहिल्याच दिवशी सदऱ्याची बटणे दाखवून म्हणाला, “सर, ही मी लावली.” सकाळची पोटदुखी थांबली. त्यात बाईंच्या उपचारांचा वाटा किती आणि आम्ही मधली सुटी परत दिली तिचा किती, हे आम्ही ठरवू शकत नाही. मात्र तेव्हापासून आमच्या शाळेत शिक्षा म्हणून कोणाचीही खेळाची वेळ काढून घेतली जात नाही.

पालकांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. प्रत्येक वाकड्या अक्षरामागे आजार नसतो. पेन्सिल तीन बोटांत नीट बसण्यास अनेक मुलांना सहावे वर्षही उजाडते. परंतु मूल वारंवार पडत असेल, बटणे, डबा, पेन्सिल या साऱ्यांतच मागे राहत असेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर सुटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते आणि गरजू मुलांना जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठविण्याची तरतूद आहे. तिची चौकशी करण्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागातील आणि परप्रांतातील मराठी घरांसाठी. उपचारकेंद्रात कन्नड, हिंदी, तेलुगू, गुजराती वा इंग्रजी बोलली जाईल. तेवढ्यावरून ‘मुलाचा गोंधळ होईल’ या भीतीने घरातील मराठी बंद करण्याचे कारण नाही. ज्या भाषेत आई सहजपणे हसते, रागावते आणि खेळविते, त्याच भाषेत मूल सर्वांत मोकळेपणी खेळते.

यंदाच्या सुटीत आमच्या शाळेने कोऱ्या वह्या वाटल्या नाहीत. प्रत्येक मुलाच्या हाती खेळांची एक यादी दिली. तिच्या तळाशी एकच ओळ लिहिली : ‘यांतील एक खेळ रोज, घरातील एका मोठ्या माणसाबरोबर.’