हवा तसा कॉम्प्युटर का मिळत नाही?

घरात कॉम्प्युटर हवा की नको, हा वाद आता मागे पडला. 2020 च्या टाळेबंदीत मुलांची शाळा जेवणाच्या टेबलावर भरली, कुणाचं ऑफिस पलंगाच्या कडेला थाटलं गेलं, आणि ज्या घरांत हे यंत्र नव्हतं अशा कितीतरी घरांत ते आलं ते कायमचंच. टेंभी नाका, चरई, नौपाडा इथल्या दोन-तीन खोल्यांच्या घरांतून आज त्यावर शिकवण्या चालतात, सोसायटीचे हिशेब होतात, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी नोंदल्या जातात. म्हणजे ते आता नुसतं मुलांचं खेळणं राहिलेलं नाही. कित्येक जणींच्या हक्काच्या चार पैशांचं ते साधन आहे.

म्हणूनच त्याच्याविषयी तक्रारीही फार. बॅटरी दिवसभर टिकावी. मांडीवर घेतला तर चटका बसू नये. दुपारी मूल झोपलेलं असताना पंख्याची घरघर नको. चार वर्षांत तो म्हातारा होऊ नये. एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलून मिळावा. आणि कळांवर क, ख, ग असावेत. आता यात अवाजवी काय आहे? मिक्सरचं भांडं गळायला लागलं की आपण वायसर बदलतो, नवा मिक्सर काही आणत नाही. मग इथेच घोडं कुठं अडतं?

मैत्रिणींनो, याचं उत्तर एक नाही, दोन आहेत. काही इच्छा निसर्गाच्या नियमांपाशी अडतात. तिथे दुकानदाराशी हुज्जत घालून उपयोग नाही. काही मात्र माणसांच्या नफ्या-तोट्यापाशी अडतात. तिथे गप्प बसून उपयोग नाही. कुठली इच्छा कुठल्या रांगेतली, एवढं ओळखता आलं की चाळीस-पन्नास हजारांची खरेदी डोळसपणे करता येते.

उष्णतेचं दुखणं जुनंच

आपल्या देशातच आराखडा करून बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कामाला लागला. जुन्या रेडिओत पेटायचे तसे सुमारे 2700 व्हॉल्व्ह त्यात होते. मेमरी म्हणाल तर जेमतेम 10 किलोबाइट! आज सकाळी मोबाइलवर येणारा 'सुप्रभात'चा एक फोटोही त्यात मावला नसता. हे सगळे व्हॉल्व्ह तापायचे आणि त्यांना थंड ठेवणं हे एक कामच होऊन बसायचं. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग नखाएवढ्या चिपवर कोट्यवधी ट्रान्झिस्टर बसले. पण तापण्याचं दुखणं काही गेलं नाही.

कॉम्प्युटरचा वेग त्याच्या ठोक्यांवरून मोजतात. 1981 साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरचे सेकंदाला सुमारे 48 लाख ठोके पडत. 2000 साली हा आकडा 100 कोटींवर गेला, 2002 च्या अखेरीस 300 कोटींवर. सगळ्यांना वाटलं, आता ही गाडी अशीच धावणार. पण 2004 साली इंटेल कंपनीने 400 कोटी ठोक्यांची पेंटियम चिप आणण्याचा बेतच सोडून दिला. त्यानंतर वीस वर्षं उलटली, तरी घरगुती यंत्रं 500 कोटींच्या आसपासच घुटमळताहेत, आणि तेही थोडा वेळच.

असं का झालं? ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा इवलासा नळ. तो लहान करत गेलं तोवर कमी दाबाची वीज पुरत होती, म्हणून उष्णताही आटोक्यात राहत होती. पण एका मर्यादेनंतर नळ इतके लहान झाले की ते बंद केले तरी वीज झिरपत राहते. वायसर झिजलेला नळ कितीही पिळा, टिपटिप थांबत नाही ना, अगदी तसंच. ही झिरपणारी वीज शेवटी उष्णताच होते. त्यात दाबही आणखी उतरवता येईना. इंटेलच्याच पॅट गेल्सिंगर यांनी 2001 साली सांगून ठेवलं होतं की हे असंच चालू राहिलं तर काही वर्षांत चिपवरची उष्णता अणुभट्टीच्या तोडीची होईल.

मग कारखानदारांनी दुसरी वाट धरली. एका स्वयंपाकिणीला आणखी पळवण्याऐवजी ओट्याशी चार जणी उभ्या केल्या. यालाच ते चार 'कोअर' किंवा आठ 'कोअर' म्हणतात. चौघी मिळून भाजी चटकन चिरतील हे खरं, पण भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच! एकामागून एक करायची कामं जास्त कोअर असले म्हणून फारशी लवकर होत नाहीत.

यातून आपण काय घ्यायचं? हिशेब, पत्रं, शिकवणी, बँकेची कामं एवढ्यासाठी सर्वांत वेगवान चिप घेणं म्हणजे दोघांच्या आमटीला लग्नातलं पातेलं चढवणं. कमी वीज खाणारी चिप कमी तापते, पंखा हळू फिरतो, बॅटरीही टिकते. 2020 साली अॅपलने बिनपंख्याचा एक लॅपटॉपही आणला. म्हणजे शांत, थंड यंत्राची इच्छा अशक्य नाही. तिच्यासाठी वेगाचा हव्यास थोडा सोडावा लागतो, इतकंच.

बॅटरीची शिदोरी

2005 नंतरची ती वर्षं कल्याण-डोंबिवलीच्या बायका विसरल्या नसतील. भारनियमनाचे तास पाहून कुकर, इस्त्री आणि मुलांचा अभ्यास यांचं वेळापत्रक लावावं लागे. टेबलावरचा कॉम्प्युटर वीज गेली की डोळे मिटायचा आणि लिहिलेलं सगळं जायचं. लॅपटॉप घरोघरी आवडता झाला त्याला हेही एक कारण. त्याची शिदोरी त्याच्याच पाठीवर असते.

पण ही शिदोरी लहानच. नेहमीच्या लॅपटॉपच्या भरलेल्या बॅटरीत जेवढी ऊर्जा असते, तेवढी सिलिंडरमधल्या चार-पाच ग्रॅम गॅसमध्ये असते. दोन कप चहा उकळायला साधारण तेवढाच गॅस लागतो! त्यावर हे यंत्र पाच-सहा तास चालतं हेच नवल म्हणायचं. आजची लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने 1991 साली बाजारात आणली. ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इन्व्हर्टरच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा वजनाच्या मानाने ती कितीतरी पट अधिक वीज साठवते. पण ती वाढते ती दरवर्षी चिमूट-चिमूट. चिपवरचे ट्रान्झिस्टर लहान करता आले, म्हणून दर दोनेक वर्षांनी ते दुप्पट बसवता आले. बॅटरीतले अणू कसे लहान करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आणखी एक अडसर आहे. विमानात खास परवानगीवाचून 100 वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी सोबत नेता येते. म्हणून मोठमोठे लॅपटॉपसुद्धा त्या आकड्याच्या अलीकडेच थांबतात.

तेव्हा बॅटरी वाढवणं आपल्या हातात नाही, जपणं मात्र आहे. तिचे दोन शत्रू: उष्णता आणि सतत काठोकाठ भरून ठेवणं. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. दिवसभर प्लगला लावून काम करणारीने ती जरूर चालू करावी. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नये, खालची हवेची भोकं बुजतात. खाली लाकडी पाट ठेवला तरी पुरे. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र एक मिनिटही वापरू नका आणि टोचून-दाबून पाहू नका. सरळ दुरुस्तीला न्या.

इथे मात्र माणूस आडवा येतो

आता दुसऱ्या रांगेतल्या इच्छा. पूर्वी मेमरी कमी पडली की लॅमिंग्टन रोडवरून एक पट्टी आणायची, खाचेत बसवायची, की जुना कॉम्प्युटर आणखी तीन वर्षं ओढायचा. हल्ली कित्येक लॅपटॉपमध्ये मेमरी मुख्य पट्टीवर डाग देऊन कायमची बसवलेली असते आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. "वहिनी, यात काही होणार नाही, नवीनच घ्या," असं ऐकून परतलेल्या बायका आपल्या ओळखीत चार तरी निघतील.

कंपन्या म्हणतात, असं केल्याने यंत्र पातळ होतं, वीज कमी लागते, वेग वाढतो. यात तथ्य नाही असं नाही; मेमरी चिपच्या जितकी जवळ तितकं बरं. पण तोच वेग देणारी आणि तरीही स्क्रू काढून बदलता येणारी मेमरीही आता निघाली आहे. त्या पद्धतीचं प्रमाण 'जेडेक' या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2023 च्या डिसेंबरात जाहीर केलं आणि 2024 मध्ये तशी मेमरी असलेला लॅपटॉपही बाजारात आला. म्हणजे अडचण आता विज्ञानाची कमी आणि मर्जीची जास्त.

त्यात 2025 च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव कडाडले. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड केंद्रं उभारणारे मोठे गिऱ्हाईक त्यांच्या दारी आले. त्या तिघींपैकी मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशल' या नावाने होणारी घरगुती मेमरीची विक्री बंद करण्याचं जाहीर केलं. लग्नसराईत हलवाई फुटकळ गिऱ्हाइकाकडे पाहत नाही, तशीच गत!

तरी सगळाच अंधार नाही. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 च्या जुलैत 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याची माहिती देणारं सरकारी पोर्टलही सुरू झालं. युरोपात 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे असा नियम आहे. तिथल्या ग्राहकांनी मागितलं, म्हणून कायदा झाला.

कळांवर क-ख-ग

मराठी कळांची गोष्ट तर सर्वांत सोपी. त्यात विज्ञानाची काहीच आडकाठी नाही. गोदरेजचे देवनागरी टाइपरायटर कचेऱ्या-कचेऱ्यांतून वर्षानुवर्षं खडखडत होते. कॉम्प्युटरसाठी 'इन्स्क्रिप्ट' ही कळरचना सरकारने 1986 सालीच ठरवून दिली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. विंडोजमध्ये ती आधीपासूनच असते, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची एवढंच. अडतं कुठं? कळांवर अक्षरं छापायला कंपन्यांना गिऱ्हाइकांची मागणी दिसत नाही. आणि अक्षरं दिसत नाहीत म्हणून आपण इंग्रजी कळांवर 'के-ए' बडवत मराठी लिहितो. यावर तूर्त उपाय म्हणजे कळांवर चिकटवायची देवनागरी अक्षरं. ती अगदी कमी पैशांत मिळतात. आठ-पंधरा दिवस रोज अर्धा तास सराव केला की बोटं आपोआप वळतात.

दुकानात जाल तेव्हा

खरेदीला निघताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि न संकोचता विचारा:

1. मेमरी पुढे वाढवता येईल का? नसेल तर आत्ताच 16 जीबी घेणं बरं.
2. बॅटरी बदलता येते का, तिची किंमत काय आणि ती ठाण्यात मिळते का?
3. पंखा साफ करायला मागचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का? रस्त्यालगतच्या घरांत धूळ फार, वर्षातून एकदा सफाई हवीच.
4. वॉरंटीत नेमकं काय येतं? घरी येऊन दुरुस्ती की यंत्र आपण न्यायचं?
5. कळफलक आणि पडदा वेगळा बदलून मिळतो का?
6. देवनागरी अक्षरांचा कळफलक मागवून देता का?

शेवटच्या प्रश्नाला बहुधा नकारच मिळेल, तरी विचाराच. बॅटरीतले अणू आपल्या सांगण्याने बदलणार नाहीत, पण दुकानदाराच्या मागणीची यादी बदलू शकते. एकीने विचारलं तर तो हसेल. आठवड्यात दहा जणींनी विचारलं तर तोच घाऊक व्यापाऱ्याला फोन लावून विचारील.