गॅरेजमधील सुतारशाळा आणि न दिसणारी धूळ

मोटारीसाठी बांधलेले गॅरेज शनिवार-रविवारी सुतारशाळा होणे, ही अमेरिकेतील उपनगरांत नवलाची गोष्ट नाही. मराठी घरांतही हा छंद रुजलेला दिसतो. कोणी सागाचा देव्हारा घडवतो, कोणी चौरंग, तर कोणी मुलांच्या पुस्तकांसाठी मांडणी. काम संपले की जमिनीवरचा भुसा झाडून पिशवीत भरला जातो आणि गॅरेज स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. मात्र केरसुणीला सापडतो तो भुसा तुलनेने निरुपद्रवी असतो. खरा धोका असतो तो त्या वेळी हवेतच तरंगत असलेल्या धुळीचा.

माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. करवतीखालून पडणारा भुसा त्याहून कितीतरी जाड असतो आणि क्षणात खाली बसतो. सँडरमधून निघणाऱ्या धुळीत मात्र दहा मायक्रॉनपेक्षा लहान कणही मोठ्या संख्येने असतात. स्थिर हवेत खांद्याच्या उंचीवरून दहा मायक्रॉनचा कण जमिनीवर यायला सुमारे आठ मिनिटे लागतात, तर एक मायक्रॉनच्या कणाला सुमारे बारा तास. गॅरेजमधील हवा कधीच पूर्ण स्थिर नसते, त्यामुळे प्रत्यक्षात हा काळ आणखी लांबतो. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर उतरतात.

शंका नव्हे, सिद्ध धोका

इंग्लंडमधील हाय विकम हे गाव पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९६०च्या दशकात तेथील आणि परिसरातील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या लक्षात आले, की नाकाच्या पोकळीतील एरवी अतिशय दुर्मीळ असलेला कर्करोग फर्निचर कामगारांत वारंवार आढळत आहे. पुढील अभ्यासांतून लाकडाच्या, विशेषतः कठीण लाकडाच्या, धुळीशी त्याचा संबंध स्पष्ट झाला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या सिद्ध घटकांत, स्थान दिले.

हे कामगार वर्षानुवर्षे दिवसभर धुळीत राबत होते. आठवड्यातून चार तास काम करणाऱ्या हौशी माणसाचा धोका त्यांच्याइतका नाही, हे नमूद करायलाच हवे. पण दमा, सर्दीसारखा सततचा त्रास आणि त्वचेची ॲलर्जी यांना एवढा काळ लागत नाही. मराठी माणसाच्या आवडीची साग आणि शिसव ही लाकडे ॲलर्जी निर्माण करणाऱ्यांपैकीच आहेत. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे थोडी धूळही त्रास देते.

ब्रिटनमध्ये २०२० पासून कठीण लाकडाच्या धुळीची कारखान्यातील कमाल मर्यादा घनमीटरमागे ३ मिलिग्रॅम आहे, तीही आठ तासांच्या सरासरीने. दोन मोटारींच्या, वीस बाय वीस फुटांच्या आणि आठ फूट उंच गॅरेजमध्ये साधारण ९० घनमीटर हवा असते. म्हणजे पाव ग्रॅमहून किंचित अधिक, जेमतेम चिमूटभर धूळ हवेत तरंगत राहिली तरी ही पातळी गाठली जाते. कारखान्यावर निरीक्षक येतो. घरच्या गॅरेजला मात्र कोणताही निरीक्षक नसतो.

महासाथीने दिलेली पेटी

या धुळीवरचा एक स्वस्त उपाय कोविडच्या काळात जन्मला. २०२० मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील अभियांत्रिकीचे अधिष्ठाता रिचर्ड कोर्सी आणि टेक्सासमधील एका फिल्टर कंपनीचे प्रमुख जिम रोझेंथाल यांच्या विचारविनिमयातून घरी जोडता येणारी हवाशुद्धी पेटी आकाराला आली. ती आज ‘कोर्सी-रोझेंथाल बॉक्स’ म्हणून ओळखली जाते.

रचना अगदी साधी आहे. घराच्या वातानुकूलन यंत्रणेत वापरले जाणारे वीस इंची चौरस फिल्टर चार भिंतींसारखे उभे करायचे, तळाला पुठ्ठा लावायचा आणि वर वीस इंची बॉक्स फॅन हवा वरच्या दिशेने फेकेल असा बसवायचा. फिल्टरवरील बाण आतल्या बाजूला असावेत आणि सर्व सांधे डक्ट टेपने बंद करावेत. पंख्याच्या कोपऱ्यांतून हवा उलटी आत ओढली जाते, म्हणून मधे गोल भोक पाडलेला पुठ्ठा वर चिकटवतात. एवढ्याने पेटीची क्षमता लक्षणीय वाढते.

फिल्टर ‘मर्व्ह १३’ दर्जाचे घ्यावेत. या दर्जाच्या फिल्टरने एक ते तीन मायक्रॉनचे किमान ८५ टक्के कण आणि त्याहून सूक्ष्म, ०.३ ते एक मायक्रॉनचे, किमान ५० टक्के कण अडवणे अपेक्षित असते. हेपा फिल्टरच्या ९९.९७ टक्क्यांपुढे हे आकडे फिके वाटतात, पण तीच हवा पेटीतून पुनःपुन्हा फिरते, आणि खरे गणित तेथे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील चाचणीत पंख्याच्या वेगानुसार ही पेटी मिनिटाला सुमारे ६०० ते ८५० घनफूट शुद्ध हवा देते, असे आढळले. वरच्या उदाहरणातील गॅरेजमध्ये ३,२०० घनफूट हवा असते. म्हणजे सर्वांत कमी वेगानेही तासाला अकरा वेळा शुद्धीकरण होते. कागदावरच्या हिशेबाने काम थांबल्यावर पंचवीस मिनिटांत ९९ टक्के सूक्ष्म धूळ जायला हवी. प्रत्यक्षात कोपऱ्यांतील हवा नीट मिसळत नाही, म्हणून पेटी तासभर चालू ठेवणे श्रेयस्कर.

पेटीच्या आधीची पायरी

अनेकांची गल्लत येथेच होते. पेटी हवेत गेलेली धूळ गोळा करते, पण सँडरमधून निघालेली धूळ पेटीपर्यंत पोहोचण्याआधी काम करणाऱ्याच्या नाकासमोरूनच जाते. त्यामुळे पहिली पायरी म्हणजे धूळ जन्मते तेथेच ती पकडणे. सँडर आणि टेबल सॉ यांना व्हॅक्यूमची नळी जोडावी आणि मधे झाकण-सायक्लोन बसवलेली बादली ठेवावी. जाड भुसा बादलीत पडतो आणि व्हॅक्यूमचा फिल्टर लवकर तुंबत नाही. साध्या फिल्टरचा व्हॅक्यूम मात्र सूक्ष्म धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो, म्हणून त्यात हेपा फिल्टर हवा. ब्रिटन आणि युरोपातील वाचकांनी ‘एम’ वर्गाचा व्हॅक्यूम पाहावा.

सँडिंग करताना एन-९५ मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसलेली असावी. दाढी असेल तर ती नीट बसत नाही. जेथे जमेल तेथे सँडरऐवजी हातरंधा वापरावा. रंध्यातून छिलके निघतात, धूळ फारशी नाही. कोरडी झाडलोट आणि कॉम्प्रेसरच्या हवेचा फवारा टाळावा, कारण त्यामुळे बसलेली धूळ पुन्हा उडते. पेटी अशी ठेवावी, की धुळीचा प्रवाह माणसापासून दूर जाईल.

पेटी काय करू शकत नाही

वार्निश, रंग किंवा एमडीएफच्या फळीतून निघणारे फॉर्माल्डिहाइड हे वायुरूप पदार्थ आहेत. ते मर्व्ह फिल्टरमधून आरपार जातात. त्यांच्यासाठी दार उघडे ठेवून बाहेरची हवा खेळती ठेवण्याला पर्याय नाही. शिवाय लाकडाची धूळ ज्वलनशील असते. लोखंड घासताना उडणारी ठिणगी भुशाने भरलेल्या व्हॅक्यूममध्ये गेली तर आत आग धुमसू शकते, म्हणून धातूचे काम आणि धूळ ओढण्याचे यंत्र एकत्र आणू नये. पेटीसाठी पंखा २०१२ नंतर तयार झालेला आणि सुरक्षा प्रमाणपत्राचा शिक्का असलेला घ्यावा, आणि माणूस नसताना तो चालू ठेवू नये. सुतारकामात फिल्टर लवकर भरतात. ते करडे पडले किंवा हवेचा झोत मंदावला की बदलावेत.

बहुतेक अमेरिकी घरांत गॅरेजचे एक दार थेट घरात उघडते. छंद एकाचा असतो, पण त्या दारातून येणारी धूळ लहान मुलांच्या आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या श्वासातही जाते. दाराच्या फटींना रबराची पट्टी लावणे, कामाचे कपडे आणि बूट गॅरेजमध्येच ठेवणे, ही कामे काही मिनिटांची आहेत. सूक्ष्म कण मोजणारे छोटे यंत्रही आता सहज मिळते. त्यातील पीएम २.५चा आकडा काम सुरू करण्यापूर्वी टिपून ठेवावा, आणि काम संपल्यावर तो पुन्हा तेथे उतरेपर्यंत घराचे दार उघडू नये.