ठिणग्यांचा घुमट, परवान्याची शिस्त

चाकण एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ग्राइंडर सुरू झाला की ठिणग्यांचा झोत उडतो. तिथल्या जुन्या हेल्परला त्याचं अप्रूप नसतं. जवळपास थिनरचा डबा किंवा तेलकट चिंध्या राहिल्यात का, हे तो आधी बघतो. फोटोग्राफीच्या हौशी मंडळींना मात्र याच ठिणग्यांची भुरळ पडते. स्टील वूल पेटवून गरागरा फिरवायचं, कॅमेऱ्याचं शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवायचं, की फोटोत सोनेरी रेघांचा घुमट उभा राहतो.

भांडी घासायच्या स्टेनलेस घासणीला हे जमत नाही. लागतं ते साध्या पोलादाचं, केसाहून बारीक तारांचं, 'चार शून्य' नंबरचं वूल. लाकडाच्या पॉलिशसाठी वापरतात ते. तार इतकी बारीक, की नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली तरी ती धुमसू लागते. फिरवताना वारा मिळतो, आग फुलते आणि जळते कण चहूकडे फेकले जातात. दिवाळीच्या फुलबाजीतही जळतो तो लोखंडाचाच कीस.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १०० ते २००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून फिरवणाऱ्याच्या अंगावर टॉर्च मारून फोकस साधायचा आणि मॅन्युअलवर टाकायचा. ठिणगीची रेघ किती उजळ दिसेल ते अ‍ॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर रेघांची संख्या आणि मागचा उजेड वाढतो. नवशिके नेमके इथेच गोंधळतात.

फोटोत जादू दिसली, तरी प्रत्यक्षात हा वितळत्या लोखंडाचा मारा असतो. कॅलिफोर्नियातल्या इनव्हर्नेस गावाच्या किनाऱ्यावरची 'पॉइंट रेयेस' ही जुनी बोट २०१६ मध्ये अशाच फोटोच्या नादात मागच्या बाजूने जळाली. चाकणच्या आसपासच्या टेकड्यांवर दिवाळीनंतर गवत वाळून कोळ होतं. तिथे हा खेळ नकोच. राखीव जंगलात आग लावणं तर १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हाच. चाकणचा किल्ला संग्रामदुर्गही वगळावा, १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या सुरुंगाने त्याचा बुरूज उडवला, तेवढं पुरे. त्यापेक्षा मालकाची परवानगी घेऊन पावसाने भिजलेली, झाडझुडूप नसलेली खडकाळ जागा शोधावी. गोदाम, गॅसच्या टाक्या, पार्क केलेल्या गाड्या जवळ नकोत. वाऱ्याच्या दिवशी बेत सरळ रद्द.

फिरवणाऱ्याने जाड सुती कपडे, चामडी हातमोजे, गॉगल, टोपी घालावी. नायलॉनचं जॅकेट वितळून अंगाला चिकटतं. वूल अंडी फेटायच्या तारेच्या व्हिस्कमध्ये कोंबून व्हिस्क साखळीला बांधतात. सुती दोरी जळून तुटते. लेन्सवर साधा फिल्टर असावा, कारण काचेवर पडलेली ठिणगी खळगा पाडते.

कारखान्यात वेल्डिंग-कटिंगआधी 'हॉट वर्क परमिट' लागतं. त्यासाठीच्या अमेरिकी मानकात ३५ फुटांच्या आतलं जळाऊ सामान हटवायला सांगितलं आहे आणि काम संपल्यावर 'फायर वॉच' म्हणून माणूस थांबवायलाही. फोटोवाल्यांनी हेच उचलावं: पाण्याची बादली, अग्निशामक सिलिंडर आणि कॅमेऱ्याला हात न लावणारा एक गडी. शेवटचा फोटो झाला तरी त्याने निदान अर्धा तास टॉर्च घेऊन जमीन न्याहाळायची.