विहिरीवरच्या इंजिनात गोडेतेल? आधी हिशेब, मग टाकी

माण-खटाव असो की जत-आटपाडी, लाइट गेली की विहिरीवरचे जुने इंजिन अजून कामी येते. पाण्याची पाळी चुकली तर डाळिंब थांबत नाही आणि ऊसही थांबत नाही. डिझेलचा भाव वाढला की पारावर एक विषय हमखास निघतो, ‘‘इंजिन गोडेतेलावर पण चालतंय म्हणं, मग डिझेल कशाला?’’ शेतकरी बंधूंनो, चालते हे खरे आहे. पण किती दिवस चालते आणि शेवटी कितीला पडते, हे समजून घेतल्याशिवाय टाकीत तेल ओतू नका.

कल्पना शंभर वर्षांपूर्वीची

ही गोष्ट आजची नाही. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. त्यासाठी इंजिनात काही फेरफार केलेला नव्हता. या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल याने १९१२ मध्ये वनस्पती तेलाला पुढे मोठे महत्त्व येईल, असे मत मांडले. पण जमिनीतले तेल स्वस्त आणि मुबलक निघाले, तशी ही वाट मागे पडली.

आपल्या भागाला इंजिन नवे नाही. लोखंडी नांगरासाठी नावाजलेली किर्लोस्करवाडी १९१० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या आजच्या पलूस तालुक्यात वसली. त्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनाचा कारखाना काढला. विहिरीवरची संथ फिरणारी, जाड बांध्याची जुनी इंजिने तेलाच्या बाबतीत जरा सोशिक असतात. पण सोशिक म्हणजे काहीही पचवणारी नव्हेत.

बिघाड कुठे होतो?

डिझेलच्या मानाने गोडेतेल सुमारे दहापट घट्ट असते. नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो, गोडेतेलाचा मात्र जाड थेंब पडतो. तो अर्धवट जळतो. मग नोझलच्या तोंडावर कोळसा धरतो, रिंगा चिकटतात, इंजिन काळा धूर ओकू लागते. न जळलेले तेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. काही दिवसांनी ते ऑइल डिंकासारखे घट्ट होते आणि बेअरिंगला वंगण मिळेनासे होते.

खरी फसगत अशी, की पहिले काही तास सगळे झकास चालते. ‘‘बघा, काय झालं?’’ असे म्हणेपर्यंत आतले दुखणे वाढलेले असते. मिस्त्रीने इंजिन खोलले, की डिझेलमध्ये वाचवलेले पैसे तिथेच जातात.

सगळी तेले सारखीही नाहीत. हवेत वाळून चिकट होणारे तेल इंजिनाला जास्त बाधते. जवस आणि करडई त्यातली. माण-जतच्या कोरडवाहू रानात करडई पिकते, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर मोठे काम केले आहे. पण इंजिनापेक्षा ती ताटातच बरी. त्या मानाने भुईमूग आणि करंज यांचे तेल कमी चिकटते.

आता हिशेब

पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला साधारण एक ते सव्वा लिटर डिझेल पिते. आठ तास पाणी धरले, तर आठ-दहा लिटर. खाण्याच्या तेलाचा लिटरचा भाव तर डिझेलच्या वर आहे. शिवाय लिटरमागे त्यात ताकद थोडी कमीच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणावे लागते. असे तेल जाळून बचत होणार कशी?

म्हणून विचार करायचा तो न खाण्याच्या तेलाचा. ओढ्याकाठी, रस्त्याच्या कडेला उभा असलेला करंज तुम्ही रोज पाहता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांच्या पुढाकाराने कर्नाटकातील कग्गनहळ्ळी येथे करंज तेलावर जनरेटर चालवून शेतीला पाणी दिले गेले. म्हणजे काम होण्यासारखे आहे. पण गणित मांडा. शेंगा फोडून काढलेल्या चार किलो बियांपासून जेमतेम एक लिटर तेल निघते. दिवसाला दहा लिटर म्हणजे चाळीस किलो बी. महिनाभर पाणी द्यायचे तर बाराशे किलो. एका मोठ्या झाडाचे तीस किलो धरले, तरी चाळीस झाडे हवीत. तुमच्या बांधावर आहेत का?

मोगली एरंडाचाही धडा विसरू नका. नाशिक भागात १९८०च्या दशकाच्या अखेरीस अनेकांनी मोठ्या आशेने तो लावला. उतारा मिळेना, म्हणून पुढे उपटून टाकला. २००३ नंतर सरकारी पातळीवर पुन्हा त्याचा गाजावाजा झाला. पडीक रानात, बिनपाण्याचे भरघोस पीक येईल ही आशा फोलच ठरली.

चालवायचेच असेल तर

१) जुन्या, संथ इंजिनावरच प्रयोग करा. नव्या ट्रॅक्टरमध्ये एक थेंबही नको.

२) तेल गाळलेले आणि पाणी नसलेले हवे. डिझेलमध्ये पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त मिसळू नका.

३) निव्वळ तेल वापरायचे तर सायलेन्सरच्या उष्णतेवर ते ७० ते ८० अंश तापेल अशी सोय जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या. इंजिन डिझेलवर सुरू करा, तापल्यावर तेलावर घ्या आणि बंद करण्याआधी दहा मिनिटे पुन्हा डिझेलवर चालवा.

४) इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या तासांतच बदला.

५) मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा वापरून तेलाचे बायोडिझेल करतात. ते घरी करू नका. मिथेनॉल पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो, आणि ते झटकन पेट घेते.

पेंड विसरू नका

करंजाचा खरा फायदा बहुधा पेंडीत आहे. चार किलो बियांमागे तीन किलोच्या आसपास पेंड उरते. तिच्यात सुमारे चार टक्के नत्र असते. उसाला, हळदीला ती चांगले खत. मात्र जनावरांपुढे टाकू नका, ती त्यांना बाधते.

तेव्हा येत्या चैत्र-वैशाखात शेंगा वाळल्या, की आधी एक पोते बी गोळा करा. घाण्यावर नेऊन तेल काढा. गोळा करण्याची मजुरी, घाणवळ, निघालेले तेल आणि पेंडीची किंमत वहीत लिहा. घरच्या माणसांची मजुरीही धरा, ती फुकट नसते. लिटरमागचा आकडा डिझेलपेक्षा खाली आला, तरच पुढचे पाऊल टाका. नाही आला, तर पेंड रानात घाला, तेल विका आणि इंजिनाला त्याचे डिझेलच द्या.