कुंचल्याची निवड

आमच्या मानखुर्दच्या घरीं गेल्या महिन्यांत एक लहानसा प्रसंग घडला. नातू इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी करीत होता. आकाश रंगवितांना कागदावर पट्टे उमटले. "अरे, हात स्थिर ठेव," मीं दरडावलें. तो रडवेला होऊन म्हणाला, "आजोबा, ह्या बारीक ब्रशनें एवढें आकाश वाळण्याआधीं कसें भरूं?" त्याचेंच खरें होतें. शिक्षक असतांना अशा किती मुलांच्या हातांना मीं दोष दिला असेल, हें आठवून मन खिन्न झालें.

वास्तविक हा विचार आपल्याकडे जुना आहे. 'शिल्परत्न' ग्रंथांत लेखणीचे स्थूल, मध्यम व सूक्ष्म असे भेद सांगितले आहेत. १२व्या शतकांतील 'मानसोल्लासां'त तिच्यासाठीं वासराच्या कानाचे केस सुचविले आहेत. चपटा कुंचला मात्र अलीकडचा. युरोपांत केस पिसाच्या नळींत बसवीत, म्हणून तो गोलच होई. १९व्या शतकांत धातूची नळी आली, ती दाबून चपटा आकार देतां आला.

आमच्या खाडीचेंच दृश्य घ्या. आकाश व भरतीचें पाणी यांस रुंद चपटा कुंचला हवा; तो पुष्कळ पाणी धरितो, म्हणून एक पट्टा वाळण्यापूर्वींच दुसरा त्यास मिळतो. पुलाची सरळ कडही त्याच्या धारेनें निघते. तिवरांच्या पानांस गोल कुंचला. दाबला असतां रेघ जाड, उचलला असतां बारीक. चिखलांतून वर आलेल्या मुळांस लांब केसांचा रिगर. जहाजांचे दोर रंगविण्यावरून त्यास हें नांव पडलें. पंख्याच्या आकाराचा कुंचला कोरडसर रंगांत टेकविल्यास गवताचे तुरे उमटतात. अंडाकृति टोकाच्या फिल्बर्टनें रोहित पक्ष्यांच्या अंगाची मऊ कड साधते.

विकत घेतांना गोल कुंचला भिजवून झटकावा. केस एका टोकास मिळाले तरच घ्यावा. मुंगसाच्या केसांचा मात्र कोणी फुकट दिला तरी नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगसास संरक्षण आहे व त्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. नवशिक्यास कृत्रिम तंतूंचे कुंचले पुरेसे होतात.

आम्हीं एक रुंद चपटा, एक मध्यम गोल व एक रिगर एवढेच आणिले. परवां नातवाचें आकाश एकसंध उतरलें. परीक्षेंत व्हावयाचें तें होईल. परंतु मुलाच्या हातास बोल लावण्यापूर्वीं त्या हातांतील साधन पाहावें, एवढें आम्हां वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.